आधी जरा आवळा

"टाकून दे गं ती गाडी." गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इथल्या इतक्या मराठी घरांत ऐकलं आहे की समोरच्याने हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवली की मला कळतं, आता येणार. सल्ला प्रेमापोटी असतो, मान्य. पण तो चुकीचा आहे, आणि ज्या समजुतीतून तो येतो ती त्याहून चुकीची आहे. समोरासमोर मी हसून विषय बदलते. इथे बदलणार नाही. तुम्ही मध्येच उठून चहा टाकायला जाऊ शकता, पण परत या.

आधी गाडीची ओळख. 1988 सालची व्होल्व्हो 240, स्टेशन वॅगन, म्हणजे डिकीच्या जागीसुद्धा छप्पर शेवटपर्यंत ओढत नेलेली लांबलचक गाडी. हे मॉडेल 1974 पासून 1993 पर्यंत निघत होतं आणि तेवढ्या वर्षांत त्याने आपला चौकोनीपणा काही सोडला नाही. लहान मुलाला गाडी काढ म्हटलं तर ते जशी काढेल, तशी. माझ्याकडे आली त्याआधी ती सहा वर्षं एका शेतावरच्या शेडमध्ये उभी होती. 1,200 डॉलर मोजले आणि विंचने ओढून ट्रेलरवर चढवली, कारण मागची दोन्ही चाकं फिरत नव्हती. कुणीतरी इमानेइतबारे हँडब्रेक ओढून ठेवला होता, तो तसाच धरून बसला. मागचं दार उघडत नव्हतं. ओडोमीटरही थांबलेला. या गाड्यांत आतलं प्लॅस्टिकचं चिमुकलं दातेरी चक्र तुटतं आणि आकडा आहे तिथेच राहतो, त्यामुळे ही बाई आजवर नक्की किती चालली ते देवाला ठाऊक.

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि ती चालू आहे, म्हणजे आपण मिठावर राहतो आणि मिठावरच गाड्या चालवतो. बाकीच्यांनी मुंबईतल्या किंवा कोकणातल्या आपल्या घराचा स्लॅब आठवावा. सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, आणि एके दिवशी प्लॅस्टर पलंगावर येऊन पडतं. नट-बोल्टमध्ये हेच होतं, फरक इतकाच की तिथे फुटून मोकळं व्हायला काही नसतं. गंज आट्यांच्या फटीत ठासून भरतो आणि पाचर मारल्यासारखा दोघांना धरून ठेवतो.

हे मला चांगलं माहीत आहे. माझी पीएचडीच लोखंडावरच्या ऑक्साइडच्या थरांवर आहे. सहा वर्षं मी गंज मोजला, त्याचे आलेख काढले, परिषदांमध्ये उभी राहून तो कसा वाढतो ते लोकांना समजावलं. आणि गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारपर्यंत मी एकही गंजलेला नट स्वतःच्या हाताने सोडवला नव्हता. मागचं वाक्य हवं तर पुन्हा वाचा, कारण माझं भांडण तिथूनच सुरू होतं, आणि पहिल्यांदा ते माझ्याशीच आहे.

आपण म्हणतो, "जाम झालं." शब्द एक, रोग अनेक. मागच्या दाराच्या कुलपात गंज नव्हताच, जुनं ग्रीस वाळून त्याचा डिंक झाला होता. ब्रेक क्लीनर मारत आणि खटका हलवत बसले, वीस मिनिटांत दार उघडलं. हँडब्रेकच्या केबलचं आवरण चिरून आत पाणी शिरलं होतं आणि तार आवरणाला चिकटून एकजीव झाली होती. ती सोडवत बसण्यात अर्थ नव्हता. कापली आणि नवी घातली. इंजिन जाम आहे की नाही हेच आधी ठाऊक नव्हतं, म्हणून किल्लीला हात न लावता स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडलं, दोन दिवस थांबले आणि मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवून पाहिलं. फिरलं. न फिरणाऱ्या इंजिनला बॅटरीच्या जोरावर फिरवायला गेलं असतं, तर टाकून द्या म्हणणारे खरे ठरले असते.

या सगळ्यांवर एकच औषध सांगणाऱ्या माणसापासून सावध राहा. ते औषध बहुधा निळ्या-पिवळ्या डब्यात असतं. डब्ल्यूडी-40 हे नावच सांगतं की पाणी हटवण्यासाठी केलेल्या चाळिसाव्या प्रयत्नात, 1953 साली, ते जमून आलं. पाणी हटवायला छान आहे. पण वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला गंज भेदायला त्याहून वेगळी, पातळ तेलं मिळतात आणि त्यांनाही एक गोष्ट लागते जी डब्यात भरता येत नाही. आज मारा, उद्या मारा, परवा मारा, मधूनमधून हातोडीने टकटक करा आणि घरी जा. हे सांगितलं की माझ्या ओळखीतल्या इंजिनिअर मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे होतात. तीन दिवस एका नटासाठी?

मग येतो "जोर लाव" पंथ. हा पंथ आपल्यात फार मोठा आहे. त्यातल्या एका सद्गृहस्थांनी मला चार फुटी लोखंडी पाईप आणून दिला, पान्याच्या दांड्यावर चढवायला. ज्यांनी दिला ते वाचत असतील. काका, तुमचा राग नाही, पाईप लावणारे हात माझेच होते.

झालं असं. या गाडीच्या इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्यात 8 मिलिमीटरचे पोलादी स्टड रोवलेले आणि त्यांवरच्या नटांनी एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड धरलेला. रोज तापायचं, रोज थंड व्हायचं, असं कित्येक वर्षं. पाच नट सुटले. सहाव्यावर मी पाईप चढवला. बोल्ट तुटण्याआधी किंचित मऊ लागतो. हाताला वाटतं, आला, सुटला. तो सुटत नसतो, पिळवटत असतो. मग टक् असा एक बारीक आवाज येतो आणि तुमच्या हातात पाईप, पाना आणि अर्धा स्टड राहतो. उरलेला अर्धा इंजिनच्या हेडमध्ये.

त्या रात्री मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होते. ज्यांना कारखान्याचं फक्त धुराडं माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, गळीत हंगाम संपला की कारखाना बंद होत नाही, उघडला जातो. पावसाळाभर पंप, व्हॉल्व्ह, मिलचे रोलर, सगळं सोडवून, धुऊन, झिजलेलं बदलून परत जोडायचं, कारण दिवाळीच्या आसपास ऊस येऊन दारात उभा राहणार आणि तेव्हा "अमुक नट निघाला नाही" हे कारण चालत नाही. गरम रस, वाफ, मळी आणि पाणी यांत सहा महिने भिजलेले नट. जाम म्हणजे काय हे त्या माणसाला विचारायचं, मला नाही.

अप्पांनी मोबाइलच्या पडद्यावर तो तुटका स्टड पाहिला आणि विचारलं, "आधी आवळून बघितलीस का?"

मी म्हणाले, "सोडायचा होता, आवळू कशाला?"

"आवळ की जरा आधी. गंजाची पकड मोडती तिथं. मग सोड. सुटाय लागला म्हणून खुश होऊन ओढत बसू नको. जरा सोड, परत आवळ, परत सोड. तेल पीत पीत येतंय मग ते. आणि तो पाईप बाजूला टाक."

माझ्या प्रबंधात हे कुठेही नव्हतं. असायला हवं होतं, कारण त्यात गूढ काही नाही. गंजाचा थर ठिसूळ असतो. त्याला तोडायला उलट-सुलट दोन्ही बाजूंनी थोडी थोडी हालचाल पुरते. एकाच दिशेने ओढत राहिलं की त्याचा भुगा आट्यांत पुढे पुढे रेटला जाऊन आणखी घट्ट बसतो. मागे-पुढे केलं की भुगा दळला जातो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. मी हे फळ्यावर लिहून सिद्ध करू शकले असते. सुचलं मात्र नाही.

तुटलेल्या स्टडचं काय केलं, तेही सांगते. मी ज्यांच्या गॅरेजमध्ये काम करते ते गृहस्थ टूल अँड डाय मेकर म्हणून निवृत्त झालेत. माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी उघडायला बंदी आहे. त्यांनी उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारला. वेल्डच्या आचेने स्टड लालसर झाला. 8 मिलिमीटरचा पोलादी तुकडा पाचशे अंशांनी तापला तर मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाइतका फुगतो, निवताना परत आक्रसतो, आणि तेवढ्यानेही गंजाला तडे जातात. निवत असताना त्यांनी त्याला साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून फटीत खेचलं गेलं. मग पाना लावून त्यांनी काय केलं असेल? आधी जरा आवळलं. मी तिथेच मोठ्याने हसले आणि त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलं. पंधरा मिनिटं मागे-पुढे करत तो तुकडा अख्खा बाहेर आला.

इथे एक इशारा, कारण कुणीतरी वाचून लगेच प्रयोग करेल. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असतात. ते मारलेल्या जागी वेल्डिंग केलं किंवा ज्योत लावली तर फॉस्जीन वायू तयार होतो, तोच, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, खाली स्टँड लावा.

आता मला सगळ्यात आवडलेलं काम. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन असतात, दोन्ही जाम होते. "कॉम्प्रेसरची हवा मार, उडून येतील," असं एकाने सुचवलं. उडून येतात हे खरंच, आणि मध्ये बोट असेल तर बोट घेऊन येतात. दाबलेली हवा ही दाबलेल्या स्प्रिंगसारखी. पिस्टन सुटताक्षणी ती सगळी ताकद एकदम मोकळी होते. द्रव दाबला जात नाही. म्हणून ब्रेकची नळी सोडवायच्या आधीच, ब्रेक ऑइलच्याच दाबाने, पेडल हळूहळू दाबत पिस्टन बाहेर ढकलायचे. पेडलमधून मिळणारा दाब घरगुती कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट असतो आणि पिस्टन निघाला की फक्त चार थेंब गळतात. एक पिस्टन आधी सुटला तर त्याला लाकडाचा तुकडा लावून अडवायचं, म्हणजे सगळा दाब अडून बसलेल्यावर जातो. मला दोन संध्याकाळी लागल्या. चारपैकी दोन पिस्टनना गंजाचे खड्डे पडले होते, ते फेकले. ब्रेकमध्ये भावनेला जागा नाही. नवे पिस्टन, नवे सील.

हँडब्रेकच्या आतल्या पट्ट्या आणि तरफा मात्र वाचवायच्या होत्या. अप्पा म्हणाले, "मळीत टाक." मळी म्हणजे साखर झाल्यावर उरणारा काळा पाक. इथे ती गुरांच्या खाद्याच्या दुकानात बादलीने मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे. वास असा की गॅरेजच्या मालकीणबाईंनी बादली कुंपणाबाहेर ठेवायला लावली. पण गंज गेला आणि लोखंड शाबूत राहिलं. मळीतली द्रव्यं गंजातल्या लोहाला धरून विरघळवून नेतात, चांगल्या लोखंडाला फारशी शिवत नाहीत. अॅल्युमिनियम मात्र त्यात टाकू नका, खाऊन टाकतात.

आता तुमचे आक्षेप.

पहिला, वेळेचा. "तुझ्या तासाची किंमत काय, विचार केलास का?" केला. इथल्या गॅरेजने तासाचे 150 डॉलर सांगितले, आणि गाडी पाहिल्यावर तेही नको म्हणाले. पोस्टडॉकचा पगार तासावर वाटला तर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही होत नाही. म्हणजे तुमच्याच गणिताने हे काम मीच करायला हवं. पण तुमचं गणित खरं पैशाचं नसतंच. शनिवारी चार तास क्रिकेट पाहणाऱ्याला त्याच्या तासाची किंमत कुणी विचारत नाही. हाताला काळं लागलं की मात्र सगळ्यांना वेळेचं मोल आठवतं.

दुसरा, सुरक्षेचा. हा खरा आहे. या गाडीत एअरबॅग नाही. मी तिने लांबच्या हायवेवर जात नाही, आणि जिची खालची चौकटच गंजून पोखरली आहे अशी गाडी कुणी घेत असेल तर मी स्वतः सांगेन, टाकून दे. नट सोडवता येतो, नाहीसं झालेलं लोखंड परत आणता येत नाही. मी घेण्याआधी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली तासभर पडून होते.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. गेल्या दिवाळीला मी तीच गाडी घेऊन आले. नखांच्या कडा काळ्या होत्या, त्या रंगीत तेलाने निघत नाहीत. कुणीतरी विचारलं, हे सगळं शिकलीस कुठे? मी म्हणाले, वडील फिटर होते. आणि उत्तर आलं, कौतुकानेच आलं, "फिटर? म्हणजे तू किती वर आलीस गं!"

वर. या एका शब्दाशी माझं भांडण आहे. अमेरिकेत आल्यावर आपण सगळे श्रमप्रतिष्ठेवर बोलतो. "इथे कसं, प्रोफेसरही स्वतःचं लॉन कापतो." लॉन कापतानाचे फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकतो. आयकियाचं कपाट जोडलं तर तेही. पण हे सगळं सुटीच्या दिवशीचं नाटक आहे, कारण त्यात आपण सोमवारी परत स्वच्छ होणार असतो. ज्याचं पोट पान्यावर आहे तो आपल्या मनात अजून खालीच. तिकडे कुणाच्या हाताला काळं लागायचं आणि कुणाच्या नाही हे कसं ठरत होतं, ते मी तुम्हाला शिकवायला नको. ते सामान आपण विमानात नीट चेक-इन करून आणलं आहे.

तुम्हाला दोष देऊन मी सुटणार नाही. दोन वर्षांपूर्वी अप्पा इथे आले होते. एका घरी जेवायला गेलो, यजमानांनी विचारलं, काका काय करायचे? अप्पांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "कारखान्यात सुपरवायझर होते." अप्पा गप्प राहिले. परत येतानाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या सिंकखालचा, वर्षभर न फिरलेला कॉक त्यांनी पाहिला, शेजाऱ्यांकडून पक्कड मागून आणायला लावली, त्याला चिंधी गुंडाळली आणि वाकता वाकता म्हणाले, "बघू, सुपरवायझरला जमतंय का."

जमलं. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. लहानपणी मी त्यांची पेटी उघडली की ते ती मिटायचे, "तू अभ्यास कर" म्हणायचे. त्यांना वाटत होतं ते मला काहीतरी वाईट टाळून देत आहेत. मी तो हिशेब त्यांच्या परीने पूर्ण केला, डॉक्टरेट मिळवली आणि परक्यांच्या घरात त्यांचा धंदाच बदलून टाकला. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. गाडी घेतल्यावर रोज रात्री फोन करून नट कसा सोडायचा ते विचारते, त्यांना ते कळतं की नाही ठाऊक नाही.

गाडी ऑक्टोबरपासून चालते आहे. हँडब्रेक ओढला तर धरतो आणि सोडला तर सुटतो. एकच काम बाकी आहे. मागच्या अॅक्सलच्या डाव्या आर्मचा बोल्ट रबरी बुशाच्या आतल्या पोलादी नळीत गंजून एक झाला आहे. नट निघाला, बोल्ट हलत नाही. रोज संध्याकाळी तेल मारते, चार टिचक्या देते, जरा आवळून पाहते आणि घरी जाते. आज नववा दिवस आहे.

अप्पा जूनमध्ये येत आहेत. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहापासून गॅरेज उघडं असेल, ज्यांना पाहायचं असेल त्यांनी या, जुने कपडे घालून. अप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांना काय विचारायचं ते फिटर म्हणून विचारा. आणि काका, तुमचा पाईप दारामागे उभा करून ठेवला आहे, तेवढा घेऊन जा.